गोव्यातली गल्लीतली तावेर्न: बसायचं कसं, खायचं काय?

सुंगटराव

दर सुट्टीच्या तोंडावर इथे एक धागा निघतोच: 'गोव्याला चाललोय, शॅक सुचवा.' मग बागा-कळंगुटच्या त्याच चार नावांची उजळणी होते. शॅकशी माझं वैर नाही. पण तिथे शेजारच्या टेबलावर पुण्याचीच मंडळी भेटतात आणि इसवणाच्या (म्हणजे सुरमईच्या) तुकडीचा भाव ऐकून दोन्ही टेबलांना एकदमच ठसका लागतो. गोव्याचा माणूस संध्याकाळी प्यायला बसतो ती जागा वेगळी. तिला आम्ही तावेर्न म्हणतो. पणजी, म्हापसा, मडगावच्या गल्ल्यांत अजून काही तग धरून आहेत. बार्देश, तिसवाडी, सासष्टीच्या गावांत तर तिठ्यावर, चर्चच्या नाहीतर देवळाच्या वाटेवर, एखादी असतेच.

नवख्याला ती चटकन दिसत नाही. पाटी असलीच तर फिकटलेली, कुठल्याशा कोल्ड्रिंकवाल्यांनी कधीकाळी रंगवून दिलेली. आत घराचीच पुढची खोली. एका अंगाला पोसरो, म्हणजे किराणा: साबण, काड्यापेट्या, कांदे, नारळ. दुसऱ्या अंगाला भिंतीला टेकवलेली बाकडी आणि पाय डगमगू नये म्हणून खाली पुठ्ठा सारलेलं टेबल. भिंतीवर क्रूस आणि त्याखाली इवला लाल दिवा, नाहीतर शांतादुर्गेची तसबीर. काही ठिकाणी दोन्ही. कपाटात व्हिस्कीच्या जुन्या बाटल्यांत फेणी भरलेली, लेबल व्हिस्कीचंच. पडद्यामागून कांदा परतल्याचा वास येतो तो घरच्यांच्या जेवणाचाही असू शकतो, तेव्हा लगेच 'हे काय आहे, एक प्लेट द्या' म्हणू नये.

वेळ पाळावी लागते. सकाळी उशिरा उघडतात, दुपारी एकच्या सुमारास दार ओढून घेतात, कारण पात्रांवची, म्हणजे मालकाची, झोप सरकारी आदेशापेक्षा कडक. चार-साडेचारला पुन्हा चालू, आणि रात्री नऊच्या आसपास खुर्च्या टेबलांवर चढायला लागतात. मुंबईच्या हिशेबाने दहाला 'बसायला' निघालात तर कुत्रं तेवढं भेटेल.

मार्च ते मेअखेर असेल तर हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची हलकी दारू, मागा, दुसरं काही नको. उंच ग्लास, बर्फ, लिमका किंवा सोडा, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ आणि मधोमध उभी चिरलेली हिरवी मिरची. मिरची तिखटासाठी नसते, नाकासाठी असते. ग्लास तोंडाजवळ नेला की काजूच्या बोंडाचा आणि मिरचीचा वास एकदम येतो. इतर दिवसांत फेणी. दक्षिणेत गेलात तर माडाची विचारा, ती सासष्टीकडे जास्त मिळते आणि काजूच्या फेणीपुढे बरीच शांत असते.

सोबत काय, हे मेनूकार्डात शोधू नका, कारण मेनूकार्ड नसतं. काउंटरवर बघायचं किंवा 'आज किदें आसा?' विचारायचं. उकडलेले चणे, उकडलेली अंडी, कटलेट, चोरीस-पांव, दिवस चांगला असेल तर रेशाद मसाला भरलेला बांगडा. हुर्राकच्या मोसमात चेपणीतली तोरां, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कच्च्या कैऱ्या.

गावांतल्या तावेर्नींची नावं मी देणार नाही. का ते पुढे कुणीतरी विचारेलच. पणजीतलं एक सांगतो, कारण ते आधीच सगळ्यांना ठाऊक आहे: सां तोमे भागातला जोझेफ बार. जागा एवढीशी, उभं राहायची तयारी ठेवा.

बाकी अनुभव येऊ द्यात.

कोल्हापुरी रस्सा

निषेध! ऑफिसात बसून हे वाचायला लावलंत. मिरची नाकासाठी, वा वा.

एक शंका. हुर्राक पहिल्या वाफेची, असं कुठेतरी ऐकलंय. आमच्याकडे 'पहिल्या धारेची' म्हटलं की माणूस दोन घोटांत भिंत धरतो. आणि तुम्ही ती लिमक्यात घालून उन्हाळी सरबत असल्यासारखं सांगताय?

रानजाई

याचं उत्तर मी देते, सत्तरी तालुक्यात आमची भाटी, म्हणजे गाळायची भट्टी, होती.

काजूचं बोंड झाडावरून तोडायचं नाही, पिकून आपणहून खाली पडलेलं वेचायचं. बी हाताने पिळून काढायची, ती वेगळी विकली जाते. बोंडं कोळंबीत टाकून पायाने तुडवायची. (कोळंबी म्हणजे मासळी नव्हे हो, दगडात कोरलेलं उथळ टाकं.) तुडवून राहिलेला चोथा वेलींनी बांधून वर जड दगड ठेवतात, त्यातून जो रस ठिबकतो तो निरो. तो ताजा, थंडगार, दुपारी बाराच्या आत प्यायचा. दारू नसतेच ती, लहानपणी आमचं तेच सरबत.

तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबतो आणि मग भाणात, म्हणजे गाळायच्या भांड्यात, चढतो. खाली लाकडं, वर नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला लावणी, म्हणजे वाफ निवून जिथे जमते ते मडकं. लावणीवर सारखं पाणी मारत राहायचं. हे काम माझ्या आजोबांकडे होतं आणि त्या वेळी ते कुणाशी बोलत नसत. पहिल्या खेपेला पडते ती हुर्राक, अल्कोहोल साधारण १५ टक्क्यांच्या आसपास. तीच हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा चढवली की फेणी होते, ती ४२-४३ टक्क्यांपर्यंत जाते. तेव्हा रस्साभाऊ, आमच्याकडे दुसरी धार भिंत धरायला लावते.

हुर्राक टिकत नाही. पाऊस पडला की तिची चव उतरते. त्यामुळे जुलैत कुणी 'खास ठेवलेली हुर्राक' पुढे केली तर हसून नको म्हणायचं.

सुंगटराव

रानजाई, दंडवत. बाटली हलवून फेणी ओळखतात त्याबद्दलही लिहा की.

रानजाई

हलवली की वर बारीक मण्यांसारखे बुडबुडे यायला हवेत आणि ते थोडा वेळ तसेच राहायला हवेत. भराभर फुटले तर पाणी जास्त. दुसरी परीक्षा तळहाताची: चार थेंब घेऊन चोळायचे, स्पिरिट उडून गेलं की मागे फळाचा वास राहतो. नुसता दवाखान्याचा वास राहिला तर ती फेणी कारखान्यातल्या अल्कोहोलची बहीण आहे. आमच्या गावचे म्हातारे ग्लासाला तोंड लावायच्या आधी हात चोळून वास घ्यायचे. पात्रांवला त्याचा राग यायचा नाही.

अर्धवट

धागा छान. पण नावं न देण्याचा नखरा कळला नाही. लेख लिहायचा आणि पत्ता लपवायचा, म्हणजे काय? आम्ही पणजीच्या एसटी स्टँडवर उतरून वास घेत फिरायचं का?

आमोणे फेरी

@अर्धवट, मी सांगतो का.

आमच्या वाड्यावर एक होती. होती म्हणतो, जागा अजून आहे. संध्याकाळी पाच-सहा जण ठरलेले: एक निवृत्त ड्रायव्हर, एक पोदेर (पाववाला), दोघे जहाजावरून रिटायर होऊन आलेले, आणि माझा काका, जो पीत नसे, फक्त पेपर वाचायला यायचा. 'हिडन जेम' म्हणून कुणीतरी व्हिडिओ टाकला. पुढच्या महिन्यात शनिवारी दारात भाड्याच्या लाल-काळ्या गाड्यांची रांग. एका पोरीने म्हाताऱ्या ड्रायव्हरला विचारलं, 'अंकल, जरा उठाल? मागची भिंत फ्रेममध्ये हवीय.' तो उठला. परत आला नाही. आता तिथे छापील मेनू आहे, 'गोवन तापास' लिहिलंय, आणि पूर्वी चहाच्या किमतीत मिळायचा त्या चण्यांच्या वाटीवर पुदिन्याचं पान ठेवून तिप्पट घेतात.

पात्रांवला दोष देत नाही. त्याने पैसे कमावले, मुलीचं लग्न केलं. पण काका आता घरी बसून पेपर वाचतो.

अर्धवट

तुमचा मुद्दा समजला, तरी पटला नाही. नावं लपवून तावेर्न वाचत नाही, आमोणेभाऊ. गावातली पोरं इंग्लंडात स्विंडनला, आखातात, बोटीवर. परवाना बापाच्या नावावर, बाप पंचाहत्तरीचा. त्या पाच-सहा म्हाताऱ्यांच्या चण्यांवर विजेचं बिल निघत नाही. बाहेरचं गिऱ्हाईक आलं नाही तर दोन वर्षांत शटर कायमचं खाली, आणि तो परवाना कुठल्यातरी बिल्डरच्या रेस्टॉरंटला भाड्याने. मग कुणाला उठवायचा प्रश्नच नाही, कारण बाकडंच नाही.

माझं म्हणणं, नाव द्या आणि सोबत वागण्याचे नियमही द्या.

सुंगटराव

अर्धवट, तुमच्या आयडीवर जाऊ नये हे पुन्हा सिद्ध झालं. मुद्दा बिनतोड आहे. तरी नाव देत नाही, कारण नियम कुणी वाचत नाही, नकाशावरची टाचणी मात्र सगळे दाबतात. ज्याला खरंच जायचंय त्याने गावात दोन रात्री राहावं, घरमालकिणीला विचारावं. ती सांगेल ती जागा माझ्या यादीपेक्षा चांगली असेल.

पण नियम लिहितो, मागितलेत म्हणून.

आत शिरताना बसलेल्यांना मान हलवून नमस्कार करा, ओळख नसली तरी. कोपऱ्यातलं बाकडं रिकामं दिसलं तरी आधी विचारा, ते बहुतेक कुणाचं तरी असतं. 'पात्रांव' म्हणा, बाई असेल तर 'आंटी' किंवा 'बाय'. बोटाने चुटकी वाजवलीत तर तुमचा नंबर शेवटचा. एका वेळी एक ग्लास मागा. भाव करू नका. फोटो काढायचा तर माणसांना विचारून, आणि 'नाका' म्हणाले तर फोन खिशात. टीव्हीवर फुटबॉल चालू असेल तर चॅनेल बदला म्हणू नका, क्रिकेटचा अंतिम सामना असला तरी! वर्ल्डकपच्या वेळी तर अर्धी तावेर्न ब्राझीलची आणि अर्धी पोर्तुगालची असते, तेव्हा मधे पडू नये.

आणि पात्रांवने तिसऱ्या ग्लासाला 'आतां पुरो, घरा वच' म्हटलं तर वाद न घालता उठायचं. तो ज्याला असं म्हणतो त्याच्या बायकोला तो ओळखत असतो.

मोगरा

मी सहसा अशा धाग्यांवर लिहीत नाही. शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही.

आमच्या गावच्या तावेर्नीत पात्रांव माझ्या आईला ओळखत होता. तरी त्याने बाबांना कधी उठवलं नाही. काउंटरखाली लाल वही होती, तिच्यात बाबांचं पान होतं, आणि खाणीवरचा पगार झाला की पहिला हिशेब त्या वहीचा व्हायचा, नंतर आमच्या फीचा. खाणी बंद पडल्या तेव्हाही वही चालूच होती. तुम्ही म्हणता ते आपुलकीचं वातावरण खरं असेल. बाबा तिथे हसायचे, घरी नाही. पण महिन्याच्या शेवटी त्या वहीत आमचं नाव कितीपर्यंत आलंय हे बघायला आई मला पाठवायची.

गंमत बिघडवायची नाही. एवढं मात्र लिहायचं होतं.

रानजाई

मोगरा, गंमत वगैरे काही बिघडली नाही. आमची भाटी बंद झाली त्यामागे हेही एक कारण होतं. आजी म्हणाली, गाळायची असेल तर गाळा, मी लाकडं आणणार नाही.

सुंगटराव

मोगरा, वाचलं. याला माझ्याकडे उत्तर नाही. सगळे पात्रांव तसे नसतात हे खरं, पण तुमच्या गावचा तसा होता हेही तितकंच खरं.

मांडवीकाठ

बायकांनी जावं का, यावर कुणीच काही बोललेलं नाही, म्हणून लिहिते.

पणजीत काही अडचण नाही. सां तोमे, फोंतेन्यास भागात मैत्रिणी मिळून गेलो आहोत, कुणी वळूनही बघितलं नाही. गावात मात्र थोडं पाहून. दुपारच्या आधीची वेळ बरी. बरोबर कुणी स्थानिक असेल तर प्रश्नच नाही. बऱ्याच तावेर्नी खरं तर बायकाच चालवतात, नवरा बोटीवर, सासरा बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, बसलेला. एका ठिकाणी आम्हा दोघींना आंटीने पुढच्या खोलीत बसू दिलं नाही. म्हटलं, आता 'फॅमिली रूम'चं भाषण होणार. तर तिने सरळ आपल्या स्वयंपाकघरात बसवलं, ओट्याशेजारी. हुर्राक स्टीलच्या पेल्यात दिली आणि तव्यावरची सुंगटां (कोळंबी, मासळीवाली) पहिली आमच्या ताटात पडली. पुढच्या खोलीतले पुरुष मागून ओरडत होते, 'आंटी, आमचें खंय?' ती म्हणाली, 'रावात', म्हणजे थांबा.

समान हक्क वगैरेच्या दृष्टीने हे बरोबर की चूक, तुम्ही ठरवा. सुंगटां झकास होती.

डॉ. खवय्ये

खाण्याबद्दल थोडी भर घालतो, कारण सुंगटरावांनी चोरीस एका शब्दात उरकलं, हा गुन्हा आहे.

चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे मीठ, माडाचं व्हिनेगर आणि भरपूर लाल मिरची-लसणाच्या वाटणात मुरवून आतड्यात भरून वाळवलेले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माळा टांगलेल्या दिसतील. तावेर्नीत ते आतड्यातून सोडवून कांद्याबरोबर परततात, चरबी सुटून तांबडं तेल येईपर्यंत. मग पोदेराकडून आलेला पांव फोडून त्यात. पाव ताजा हवा, म्हणजे संध्याकाळी पोदेराची सायकल भोंपू वाजवत येऊन गेल्यावर मागवा. तेल पावात मुरायला दोन मिनिटं द्या, लगेच तुटून पडू नका. बोटं तांबडी होतात, ती धुऊनही रात्रीपर्यंत वास देतात, त्याला इलाज नाही.

मासळीचं गणित वेगळं. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत गोव्याची तावेर्न खाऱ्यावर जगते: सुक्या सुंगटांची किसमूर, खोबरं-कांदा-कोकमात कालवलेली, किंवा चुलीत भाजलेला सुका बांगडा. लोक मेमध्येच पुरुमेंत करून ठेवतात, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, त्यात सुकी मासळी, मिरच्या, कोकम आणि पात्रांवच्या घरी फेणीचे गराफांव. गराफांव म्हणजे वेताच्या टोपलीत बसवलेली पोटफुगी काचेची बाटली. आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचे कॅन आले, त्याबद्दल जितकं कमी बोलावं तितकं बरं.

माझं वैयक्तिक मत: पावसाळ्यातली तावेर्न उन्हाळ्यातल्या तावेर्नीपेक्षा सरस. पर्यटक नाहीत, वीज गेलेली, फेणीत कोमट पाणी, किसमूर. शिवाय २४ जूनला सांजांव. त्या दिवशी पोरं डोक्याला पानाफुलांचे मुकुट घालून विहिरीत उड्या मारतात आणि दारोदार फेणी मागत फिरतात. त्या दिवशी मात्र तावेर्नीत बसायला जागा मिळेल ही आशा सोडा.

साबुदाणा

शाकाहारी माणसाने काय करायचं? (प्रश्न प्रामाणिक आहे.)

डॉ. खवय्ये

चणे, शेंगदाणे, तोरां, कांदा-लिंबू, नशीब असेल तर बटाटवडा किंवा मिरचीभजी. श्रावणात हिंदूंच्या तावेर्नीत तुमची चांदी, गिऱ्हाइकच कमी असतं. काही ठिकाणी तर पात्रांवच महिनाभर मासळी शिजवत नाही.

आमोणे फेरी

आणि ख्रिस्तांवांचा लेंट येतो तो नेमका हुर्राकच्या सुरुवातीला. चाळीस दिवस दारू-मांस सोडणारे लोक अजून आहेत. माझा एक मित्र लेंटमध्ये थेंबाला शिवत नाही, पण रोज तावेर्नीत येऊन पात्रांवला विचारतो, 'ह्या वर्साची कशी आयल्या?' पात्रांव सांगतो. तो मान हलवतो, सोडा पितो आणि घरी जातो. ईस्टरच्या सोमवारी त्याच्याकडे बघायचं.

निवृत्त हिशेबनीस

थोडी इतिहासाची भर. काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं. त्याआधी गोव्यात गाळली जायची ती माडाची. माडाला चढून सूर, म्हणजे माडी, काढणारे ते रेंदेर. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. मुरगावचं बंदर आणि रेल्वे त्यातून आली म्हणून तो शाळेत शिकवतात. पण त्याच करारात मीठ आणि अबकारी यांची व्यवस्थाही ब्रिटिश हिंदुस्थानच्या धर्तीवर नेण्यात आली आणि त्याचा फटका मिठागरवाल्यांना व रेंदेरांना बसला. १८९२ मध्ये करार संपला.

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते काजूच्या फेणीला आहे, माडाच्या नाही, हे अनेकांना माहीत नसतं. २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. तरी कागदोपत्री ती बराच काळ 'देशी दारू' या वर्गातच अडकलेली, त्यामुळे स्कॉटलंडची व्हिस्की पुण्यात सहज मिळते आणि फोंड्याची फेणी मिळत नाही.

जुन्या बाटल्या, गराफांव, मापं बघायची असतील तर कांदोळीला दारूच्या वस्तूंचं संग्रहालय आहे. तिथे पाहून मग तावेर्नीत गेलात तर कपाटातल्या निम्म्या वस्तू ओळखू येतील.

कोल्हापुरी रस्सा

हिशेबनीस काका, म्हणूनच विचारतो: दोन-चार बाटल्या गाडीत टाकून आणल्या तर? आंबोलीमार्गे येतो आम्ही.

बांदा एक्सप्रेस

रस्साभाऊ, थांबा. मी बांद्याचा. इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्कवाले गाड्या उघडून बघतात आणि डिकीत कपड्यांखाली ठेवलेलं त्यांना आधी सापडतं. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, एक बाटली असो की पेटी. गोव्यातला दुकानदार 'काही होत नाही' म्हणतो, कारण त्याला काही होत नाही. आंबोली, दोडामार्ग, चोर्लाघाट, कुठूनही आलात तरी कायदा तोच.

प्यायची ती तिथेच प्या. घरी न्यायचं असेल तर कोकम, चोरीस आणि काजू न्या.

मांडवीकाठ

आणि पिऊन गाडी चालवू नका, हे कुणीतरी लिहायलाच हवं. गोव्याचे गल्लीरस्ते अरुंद, वळणावर अचानक क्रूस नाहीतर पिंपळाचा पार. संध्याकाळनंतर गावाकडच्या बसेस विरळ होतात, तेव्हा परतीचं आधी ठरवा. पायलट, म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाले, शहरात तिठ्यावर मिळतात. गावात पात्रांवलाच सांगा, तो कुणालातरी फोन करतो. शक्यतो तावेर्नीपासून चालत जाता येईल असंच घर राहायला घ्या.

ग्लास घेऊन समुद्रावरही जाऊ नका. किनाऱ्यावर दारू प्यायला बंदी आहे; २०१९ मध्ये त्याला दोन हजारांपर्यंत दंड ठरला होता, आणि गट असेल तर दहा हजारांपर्यंत. आणि २१ वर्षांखालच्यांना बारमध्ये दारू द्यायला बंदी आहे, तेव्हा कॉलेजवाल्या भाच्याला घरी ठेवा.

अर्धवट

मान्य. तरी एकच विचारतो, सुंगटरावांना. तुमच्या घराजवळची तावेर्न किती वर्षं टिकेल, खरं सांगा.

सुंगटराव

पात्रांव पंचाहत्तरीच्या पुढचा. मुलगा लिस्बनला आहे, त्याला यात रस नाही. सून मात्र इथेच आहे आणि ती या वर्षापासून काउंटरवर बसते. पहिल्या आठवड्यात गिऱ्हाइकं बुजली. मग तिने दोन गोष्टी केल्या: पंखा दुरुस्त करून घेतला, आणि उधारीची वही बंद केली. चार जण रागावून दुसरीकडे गेले, दोघे परत आले. कटलेट आता तिच्या आईच्या पद्धतीचे असतात, आधीपेक्षा चांगले. म्हातारा बाल्कांवात बसून ओरडतो की व्हिनेगर जास्त झालंय.

किती वर्षं ते तिच्यावर आहे.

मोगरा

वही बंद केली हे बरं केलं तिने.

कोल्हापुरी रस्सा

ठरलं मग. २ ऑक्टोबरला जोडून सुट्टी येतेय, आम्ही चौघे निघतोय. बाटल्या आणणार नाही, चुटकी वाजवणार नाही, चॅनेल बदलणार नाही. हुर्राक मिळेल ना?

रानजाई

ऑक्टोबरात हुर्राक? आधीच्या पोस्टी वाचल्यात ना?

बांदा एक्सप्रेस

आणि २ ऑक्टोबर म्हणजे गांधी जयंती, ड्राय डे. गोव्यातही.

कोल्हापुरी रस्सा

अरेरे. मग ३ तारखेला सकाळी उघडतील ना? फेणी चालेल.

सुंगटराव

३ला अकरानंतर या, एकच्या आधी. बांगडे ताजे असतात त्या दिवसांत. पणजीत पोचलात की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. घर दाखवतो, तावेर्न समोरच आहे. इथे पत्ता टाकणार नाही, अर्धवटांनी कितीही डिवचलं तरी.